बापूसाहेबांचा समुद्र

मुंबईला समुद्र फुकट मिळालेला आहे, तोही तीन बाजूंनी. तरी मी तो बादलीतून, पावडरीच्या रूपात, पैसे मोजून विकत आणतो. राहतो बोरिवलीला. खाडी होडीने ओलांडली की गोराई, आणि गोराईच्या पुढे थेट अरबस्तानापर्यंत पाणीच पाणी. पण ते पाणी आमच्या माशाला चालत नाही. त्यात शहराचं सांडपाणी असतं, होड्यांचं डिझेल असतं, आणखी काय काय असतं, असं क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानदाराने मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मिठाच्या बादल्या त्याच्याच पाठीमागच्या फळीवर रचलेल्या होत्या, हा निव्वळ योगायोग.

पहिली बादली घरात आली तेव्हा आईने झाकण उघडून चिमूटभर पूड जिभेवर ठेवली.

"अरे, हे तर मीठ आहे."

"साधं मीठ नाही, आई. यात मॅग्नेशियम आहे, कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे."

"केवढ्याला?"

मी किंमत निम्मी करून सांगितली. तरी ती खाली बसली. मग म्हणाली, "भाईंदरला मिठागरं आहेत. एवढ्या पैशांत ट्रक भरून दिला असता. वर मिठागरवाल्याने चहा पाजला असता."

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आमची टाकी ८५० लिटरची. म्हणजे तीस किलो मीठ नुसता श्रीगणेशा करायला. पुढे दर पंधरवड्याला थोडं पाणी बदलायचं, की पुन्हा मीठ. शिवाय टाकीतलं पाणी रोज वाफ होऊन उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालायचं. ते नळाचं चालत नाही, त्यात क्लोरीन. आरओचं लागतं. त्या यंत्रातून एक बादली शुद्ध पाणी पडेपर्यंत दोन-तीन बादल्या टाकाऊ पाणी निघतं. त्या पाण्याने आमच्या घरी लादी पुसतात, कपडे धुतात आणि मी अंघोळ करतो.

हे सगळं कशासाठी, तर एका एम्परर एंजलसाठी.

मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय उघडलं १९५१ साली. मुंबईतल्या बहुतेक शाळांच्या सहली तिथे जात, तशी आमचीही गेली. बाकीची मुलं कासवाला हाका मारत असताना मी एका काचेला नाक लावून उभा राहिलो, ते गुरुजींनी कान धरेपर्यंत. काचेच्या आत निळ्या अंगावर पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा माझ्याकडे असा पाहत होता, की जणू माझं प्रगतिपुस्तक त्याने वाचलं होतं. तेव्हाच ठरवलं, मोठा झालो की हा घ्यायचा. लोक लहानपणी ठरवलेल्या गोष्टी मोठेपणी विसरतात म्हणून संसार चालतात. माझी स्मरणशक्ती चांगली निघाली.

तसं हे वेड माझ्या एकट्याचं नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि पाठोपाठ तिथल्या गृहस्थांनी आपापल्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या मांडल्या. काही वर्षांत ते खूळ ओसरलं. त्या गृहस्थांच्या बायका त्यांना काय म्हणाल्या असतील ते इतिहासात नाही. मला मात्र आमच्याकडे रोज ऐकायला मिळतं.

पहिला अडथळा सोसायटीचे सेक्रेटरी.

"टाकी केवढी?"

"सहा बाय दोन बाय अडीच."

"इंच?"

"फूट."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. पण मी तेवढाच दिसत होतो. मग कागद आला. पाणीच पावणेनऊशे किलो, वर जाड काच, लोखंडी स्टँड, दगड, वाळू. टनाच्या वर गेलं. राहत्या घराच्या जमिनीचा हिशेब चौरस मीटरला २०० किलो धरून करतात, ही माहिती मला त्या दिवशी प्रथम मिळाली. आमची टाकी सव्वा चौरस मीटरसुद्धा व्यापत नव्हती. सेक्रेटरींनी इंजिनिअर बोलावला. त्याने जमिनीवर टाच आपटून पाहिली, भिंतीवर कान लावला आणि निकाल दिला की टाकी बीमच्या वर, भिंतीला चिकटून ठेवली तर हरकत नाही.

"घाबरू नका," तो बायकोला म्हणाला, "समजा, पंधरा पाहुणे एका कोपऱ्यात उभे आहेत."

"पाहुणे कधीतरी जातात तरी," ती म्हणाली.

बीम नेमका टीव्हीच्या खाली निघाला. टीव्ही बेडरूममध्ये गेला, बेडरूममधलं कपाट गॅलरीत, गॅलरीतली तुळस खिडकीत. खालच्या मजल्यावरचे काका तेव्हापासून आपल्या हॉलच्या त्या भागात बसत नाहीत. क्रिकेटचा सामना असला तरी ते दारात उभे राहून बघतात आणि अधूनमधून छताकडे.

टाकी भरली, मीठ विरघळलं, पंप सुरू झाले. सगळी सोसायटी मासा बघायला आली आणि मी त्यांना सांगितलं की मासा अजून महिना-सव्वा महिना येणार नाही. आधी टाकीत जिवाणू वाढायला पाहिजेत. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सोसतं. ही दोन्ही खाती नीट चालू झाल्याशिवाय मासा सोडला तर तो मरतो. लोक सोफ्यावर ओळीने बसून ऐकत होते. समोर पंधरा माणसांच्या वजनाचं नुसतं पाणी झुळझुळत होतं.

"म्हणजे आत्ता यात काय आहे?" चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं.

"जिवाणू."

त्यांनी मांडीवरच्या मुलाला काचेपासून दूर घेतलं.

या काळात मी रोज पाण्याची तपासणी करत असे. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि जो रंग येईल तो छापील तक्त्याशी ताडून पाहायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवा, जितका जास्त तितका गडद. ऐकायला सोपं वाटतं. मला पिवळा आणि हिरवा एवढे दोनच रंग ओळखता येतात. बायकोचा जन्म साड्यांच्या दुकानात गेला नसला तरी निम्मं आयुष्य गेलेलं आहे. मी नळी खिडकीशी धरून "हिरवट" असं लिहायला घेतलं, तर ती मागून म्हणाली, "हा हिरवट? हा पोपटी आहे."

"तक्त्यात पोपटी नाहीये."

"मग तक्ता चुकलाय. आणि हा खालचा आहे ना, तो रामा. तुमचा रामापर्यंत गेलेला नाही अजून."

नायट्रेटच्या नळीत लाल येतो. तिथे तर आम्हा दोघांत डाळिंबी की राणी यावर दोन दिवस अबोला होता. माझ्या वहीत सुरुवातीला ०.२५, ०.५ असे आकडे आहेत. पुढे पुढे नुसतं "मोरपिशीच्या अलीकडे", "आंबा रंग, शंका नाही" असं लिहिलेलं आहे. टाकी मात्र त्या वहीवरच तयार झाली.

मग तो आला. तीनेक इंचाचा, पिशवीत. गडद निळा, आणि अंगभर पांढरी वर्तुळं, एकात एक, शेपटीच्या दिशेने लहान लहान होत गेलेली. मुलाने बघताक्षणी नाव ठेवलं, चकली. माझा चेहरा उतरला. तारापोरवालातल्या माझ्या निळ्या-पिवळ्या पट्टेवाल्याचा याच्याशी काही संबंध दिसत नव्हता. दुकानदार मात्र शांत होता.

"बच्चा है साहब. बडा होके कपडा बदलेगा."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्यात मोठमोठे फसलेले आहेत. बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या विद्वानाने १७८७ मध्ये पट्टेवाल्या मोठ्या माशाला एम्परर या अर्थाचं शास्त्रीय नाव दिलं. पुढे १८०१ मध्ये, त्याच्या पश्चात श्नायडरने पुऱ्या केलेल्या ग्रंथात, वर्तुळवालं पोर निराळी जात म्हणून नोंदलं गेलं आणि त्याला आपल्या निकोबारचं नाव मिळालं. बाप एका पानावर, मुलगा दुसऱ्या. मोठे एम्परर आपल्या हद्दीत दुसरा पट्टेवाला दिसला की मारायला धावतात, म्हणून पोरांचा पोशाख वेगळा असावा, असं म्हणतात. आमच्या घरातही वडील घरी असताना मी शक्यतो वेगळ्याच रंगात असायचो.

चकली टाकीत आली तेव्हा तिथे आधीपासून क्लाउनफिशची एक जोडी होती. बोटाएवढे, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. आणि इथे मला या छंदातलं खरं दुःख कळलं. घरी येणारं प्रत्येक मूल दारातूनच ओरडतं, "निमो!" मी त्याला हाताला धरून एम्परर दाखवतो, इंडोनेशियापासून लाल समुद्रापर्यंत हा कसा सापडतो ते सांगतो, ते मान डोलावतं आणि विचारतं, "पण निमो कुठे गेला?" एम्परर समोर पंख पसरून उभा असतो आणि मूल त्याला बाजूला हो म्हणून खूण करतं. त्या कार्टूनवाल्यांनी एखादा एंजल नायक केला असता तर माझी अर्धी मिळकत कारणी लागली असती.

मोठ्या माणसांचं वेगळं. मालवणचे मामा आले. टाकीसमोर खुर्ची घेतली, बराच वेळ पाहत बसले. मला वाटलं, गुंग झाले.

"हो खातत काय रे?"

"मामा, हा शोभेचा मासा आहे."

"अंग पापलेटासारखा दिसता. चपटो आसा. काटे कमी असतले." मग मासा वळला तशी त्यांनीही मान वळवली. "डोक्याकडचो भाग जाता वाया. पण मधल्या चार तुकड्या बऱ्यो पडतीत."

त्यांनी काचेवर बोटाने तुकड्या पाडून दाखवल्या. एम्परर त्यांच्या बोटामागे फिरत राहिला. पुढचे दोन दिवस तो दगडाच्या कपारीतून बाहेर आला नाही. मामांचं त्याला समजलं, असं माझं ठाम मत आहे.

वर्ष उलटलं आणि वर्तुळं तुटायला लागली. मधली आधी ताणली गेली, मग त्यांच्या मधून पिवळट रेघा डोकावू लागल्या. धड चकली नाही, धड पट्टे नाहीत. नेमका त्याच सुमाराला आमच्या चिरंजीवांना मिशी फुटत होती. दोघेही आरशासारख्या कशातही स्वतःकडे बघत उभे राहायचे आणि दोघांच्याही खोलीत कोणी गेलेलं त्यांना आवडायचं नाही. बायको म्हणाली, दोघांपैकी एकाचं आधी पूर्ण होऊ दे, मला एका वेळी एकच सोसतं. मासा आधी झाला. आडवे पिवळे-निळे पट्टे, शेपूट पिवळी, आणि डोळ्यांवरून गेलेला निळ्या काठाचा काळा पट्टा, म्हणजे गॉगलच. त्याखाली आवळलेले ओठ. त्या चेहऱ्याने तो पहिल्यांदा समोर आला तेव्हा आई हातातली माळ खाली ठेवून म्हणाली, "अगं बाई, हे तर आमचे बापूसाहेब."

बापूसाहेब म्हणजे आईचे चुलते. तलाठी होते. लग्नकार्यात कोणी कितीही चांगलं जेवण घातलं तरी असेच ओठ आवळून बसायचे. तेव्हापासून चकली हे नाव घरात कोणी घेतलं नाही.

बापूसाहेबांची प्रकृती नाजूक आणि मर्जी त्याहून. पाणी २५ अंशांना लागतं, दोन अंश इकडेतिकडे चालतात. मुंबईचा मे महिना हे ऐकून घेत नाही, म्हणून चिलर. चिलर पाण्यातली उष्णता काढतो आणि ती कुठेतरी टाकावीच लागते, तर ती हॉलमध्ये टाकतो. त्यामुळे बापूसाहेब २५ अंशांत आणि आम्ही ३५ अंशांत. आमचं तापमान उतरवायला मग एसी लावायचा. विजेचं बिल आलं की बायको ते मला न देता टाकीच्या काचेला चिकटवते.

"ज्याचं त्याने भरावं," ती म्हणते. तेव्हापासून ती मला पाण्यात पाहते.

याशिवाय प्रोटीन स्किमर नावाचं एक यंत्र आहे. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, बुडबुड्यांना घाण चिकटते, तिचा फेस वरच्या कपात जमतो आणि तो कप काढून धुवायचा असतो. त्यातल्या तपकिरी द्रवाचा वास वर्णन करण्यापलीकडचा आहे. हे काम मी रोज हौसेने करतो. घरातला कचऱ्याचा डबा खाली नेऊन ठेवायला सांगितलं की माझी कंबर धरते, हे बायकोने नातेवाइकांच्या लक्षात आणून दिलेलं आहे.

रात्री आणखी एक प्रकार. मोठे एंजल चिडले की ठक ठक असा आवाज काढतात, काचेतून बाहेर ऐकू येईल इतका. पहिल्यांदा तो झाला तेव्हा आई रात्री दोन वाजता दार उघडून जिन्यात उभी होती.

"कोणी नाही रे."

"आई, तो मासा आहे."

"मासा दार वाजवतो?"

आता खरंच रात्री कोणी दार वाजवलं तरी घरातलं कोणी उठत नाही. माझा मेहुणा एकदा पहाटेच्या गाडीने आला आणि तासभर पायपुसण्यावर बसून होता.

एकदा बापूसाहेबांच्या पंखांवर मिठाच्या कणासारखे ठिपके दिसले. हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, सागरी मासे पाळणारे याचं नाव हलक्या आवाजात घेतात. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

"वजन किती आहे?"

"तोलून नाही घेतला हो, नगावर घेतला."

त्यांनी फोन ठेवला. रोगावर तांबं चालतं, म्हणजे तांब्याचा क्षार, अगदी मोजून. पण मोठ्या टाकीत तो टाकला तर कोळंब्या, गोगलगायी मरतात, म्हणून माशाला वेगळ्या टाकीत हलवायला लागतं. आणि मोठ्या एंजलला जाळ्यात पकडता येत नाही. त्याच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणापाशी एक काटा असतो, तो जाळ्यात अडकतो आणि मासा जखमी होतो. डबा पाण्यात बुडवून त्यात त्याला गोडीगुलाबीने शिरवायचं. मी तांदळाचा मोठा डबा घेतला, बायकोने तांदूळ कुठे ओतू म्हणून विचारलं, मी बादली म्हटलं, आणि त्या रात्री आमचा भात समुद्री मिठाच्या बादलीतला झाला. इकडे मी खांद्यापर्यंत पाण्यात, स्टुलावर. डबा पुढे केला की बापूसाहेब मागे. मुलगा टॉर्च घेऊन "डावीकडे, बाबा! तुमचं डावं नाही, त्यांचं डावं!" अखेर आईने काचेबाहेरून जपाची माळ हलवली, ती बघायला ते पुढे आले आणि थेट डब्यात.

वेगळी टाकी बेडरूममध्ये ठेवली, कारण रिकामी जागा तेवढीच. क्लाउनही तिथेच हलवावे लागले, कारण मोठ्या टाकीतले जंतू माशांवाचून उपाशी मरायला दोन-अडीच महिने लागतात. तेवढे दिवस हॉलमध्ये पुन्हा नुसतं पाणी. सोसायटीतले लोक आले की सोफ्यावर बसून पाण्याकडे बघत. कोणी काही विचारत नसे. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी तर एकदा मुलाला हळूच म्हणाल्या, "जिवाणू आहेत बरं, हात नको लावू."

बापूसाहेब बरे झाले, परत आले. त्यांचा आहार मी वाढवला. जंगली एंजल समुद्रात स्पंज खातात, म्हणजे आपण भांडी घासतो तो नव्हे, जिवंत प्राणी असतो तो. स्पंज घातलेलं गोठवलेलं खाणं मिळतं, पण एरवी घरीच वाटण करतो. कोळंबी, माकूल, तिसऱ्या, सुशीवाल्यांचे नोरीचे पापुद्रे, आणि भूक लागावी म्हणून लसूण. बायकोने मिक्सर द्यायला साफ नकार दिला, म्हणून बापूसाहेबांचा स्वतंत्र मिक्सर आहे. जून-जुलैत समुद्रात मासेमारी बंद असते आणि कोळंबीचा भाव ऐकून कोळिणीलाच माझी दया येते. ती हल्ली मला बघून "साहेब, आज घरच्यांसाठी की त्याच्यासाठी?" असं विचारते. त्याच्यासाठी म्हटलं की चांगली निवडून देते.

पण खरा पेच श्रावणात. आमच्याकडे श्रावण कडक. मासळी नाही, कांदा-लसूण नाही. आणि पहिल्याच सकाळी मिक्सरमधून लसणातल्या कोळंबीचा घमघमाट.

"श्रावणात?" आई देवघरातून म्हणाली.

"आई, हे आपलं नाही."

"घर आपलंच आहे ना?"

मी तिला समजावलं की तो मासा आहे, मासा मासाच खाणार. त्यावर ती म्हणाली, मांजराला आपण दूधभातावर ठेवतोच ना महिनाभर. चिरंजीव मध्येच म्हणाले, बाबा, वाटण थोडं जास्त करा, माझंही वय वाढीचं आहे. शेवटी तडजोड झाली. सोमवारी बापूसाहेबांना फक्त नोरी. ते समुद्रातलं शेवाळ, म्हणजे झाडपाला. मी चिमट्यात पापुद्रा लावून पाण्यात सोडला, बापूसाहेबांनी दोन मिनिटांत त्याच्या चिंध्या केल्या. आई हात जोडून बघत होती.

ती संध्याकाळी भजनी मंडळात सांगून आली की आमचा मासा सोमवार करतो.

पुढच्याच सोमवारी, पाऊस कोसळत असताना, वीज गेली. गेली ती गेलीच. इन्व्हर्टरने तासभर पंप ओढला आणि तोही विझला. खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, पाणी कोमट झालं की आणखी कमी, आणि बापूसाहेब आता फूटपट्टीहून लांब. पाणी हलतं ठेवलंच पाहिजे. बॅटरीवरचा छोटा पंप लावला, त्याने एक बुडबुडा काढला आणि विचार केला. मग उरला एकच उपाय. तांब्याने पाणी उचलायचं आणि उंचावरून धार धरून परत टाकीत सोडायचं. मी स्टुलावर चढलो. हात भरून आले तसा मुलगा, मग बायको. आई खुर्चीत बसून समई धरून होती आणि वेळ जावा म्हणून रुद्र म्हणत होती.

दार उघडंच होतं. मेणबत्ती मागायला आलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उंबऱ्यातच थांबल्या. अंधारात समई, रुद्राचा घोष, बायकोच्या हातातला तांब्या, संतत धार, आणि खाली काचेआड गॉगलवाले बापूसाहेब. त्यांनी चपला काढल्या. "मला सांगायचं तरी," असं म्हणून तांब्या घेतला. त्यांच्या मागून चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. खालच्या मजल्यावरचे काकाही आले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या छताच्या वरच्या बाजूला उभे राहिले. सेक्रेटरी टॉर्च घेऊन चौकशीला आले होते, त्यांनीही अकरा तांबे घातले. मी दोन-तीनदा तोंड उघडलं, "प्राणवायूसाठी आहे हो," असं म्हटलंही, पण धार धरणाऱ्या माणसाला थांबवणं मला परवडणारं नव्हतं.

पहाटे वीज आली. बापूसाहेब ठणठणीत होते. दारात सकाळी नारळ होता आणि त्याला हळदकुंकू लावलेलं. आईने तो परत करू दिला नाही.

आता येत्या सोमवारी भजनी मंडळ आमच्याकडे आहे. आईने परस्पर ठरवून टाकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बहिणीही विरारहून येणार आहेत, आणि सगळ्यांना टाकीजवळची जागा पाहिजे. काल संध्याकाळी सेक्रेटरी कागद-पेन्सिल घेऊन आले.

"एकूण किती जणी?"

"तीस म्हणतात."

त्यांनी मांडून पाहिलं, खोडलं, पुन्हा मांडलं. "टाकी धरून हिशेब बसत नाही. निम्म्यांना बेडरूममध्ये बसवा. पण तसं करायचं तर सरासरी वजन किती धरायचं ते मला कळायला हवं."

"विचारून या ना," बायको म्हणाली.

सेक्रेटरींनी कागद घडी घालून माझ्या खिशात ठेवला. वजनं मी विचारायची, असं आता कमिटीत एकमताने ठरलं आहे.